पेटी उघडण्यापूर्वी

काल्पनिक जगातील भूमिका-खेळांत खजिन्याची पेटी दिसली की माझा हात आधी पुढे जातो आणि शहाणपण मागाहून येते. १९८१ सालच्या ‘विझर्ड्री’ या संगणक-खेळात हा उतावळेपणा महागात पडे. लढाई संपल्यावर मिळालेली पेटी आपल्या पथकातल्या चोर या पात्राकडून तपासून घ्यावी लागे, आणि सापळा निकामी करायचा तर त्याचे नाव स्वतः टंकून द्यावे लागे. विषारी सुई, वायूचा स्फोट, सगळ्या पथकाला भलतीकडे नेऊन टाकणारा सापळा असे प्रकार त्यात होते, आणि चोराचा अंदाजही नेहमी बरोबर असेलच असे नव्हते.

पेटीचे सोंग घेणारा ‘मिमिक’ हा राक्षस ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळातून आला. २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये मात्र त्याला ओळखण्याची खूण समोरच ठेवलेली असते: पेटीच्या बाजूच्या साखळीचे टोक कोणत्या दिशेला वळले आहे, ते पाहायचे. हे ठाऊक असूनही मी दोनदा गिळला गेलो, हे कबूल करतो.

याउलट, २००६ च्या ‘फायनल फँटसी १२’मध्ये चार साध्या दिसणाऱ्या पेट्यांपैकी एक जरी उघडली, तरी ‘झोडिअक स्पिअर’ हा अतिशय शक्तिशाली भाला ठरलेल्या पेटीत मिळत नसे, आणि खेळात त्याची पूर्वसूचना कुठेही नव्हती. माझ्या मते हा सापळा नव्हे, निव्वळ अन्याय होय. २०१७ च्या नव्या आवृत्तीत तो नियम नव्हता.