हात तर धड आहे, मग हलत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकमध्ये घरी जाऊन पेशंट बघते, आणि त्यातले निम्मे तरी अंगावरून वारं गेलेले, म्हणजे लकवा झालेले असतात. मी पेशंटचा उजवा हात कोपरात वाकवत असते, शेजारी बायको नाहीतर मुलगा उभा असतो. ते तो हात निरखून बघतात. कुठे खरचटलेलं नाही, हाड मोडलेलं नाही, हात उबदार आहे, मनगटाला नाडी लागते. मग हळूच विचारतात, "मॅडम, हात तर धड आहे. मग हलत का नाही?"

तुमचं बघणं अगदी बरोबर आहे. हात धडच आहे. बिघाड झालाय तो डोक्यात, हातापासून दोन-अडीच फूट वर. एवढं एक नीट पटलं, की त्या हाताशी कसं वागायचं हे आपोआप बदलतं. म्हणून मी घाई असली तरी या प्रश्नाला बसून उत्तर देते.

आधी आपल्या दोन शब्दांबद्दल. "वारं गेलं" म्हटलं की माणसं पंखा बंद करतात, खिडक्या लावतात, गोधडी पांघरतात. आणि "शीर" हा तर आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावलेला एकच शब्द आहे. सलाईन लावतात ती शीर म्हणजे रक्तवाहिनी. "मानेत शीर दबली" म्हणतो तेव्हा ती असते चेतातंतू, म्हणजे निरोप नेणारा धागा. आणि मुठीत जोर आला की मनगटावर ताठ उभी राहते ती शीर म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. तिघींना एकच नाव, त्यामुळे तिघींना एकच औषध: तेल लावून चोळा, शीर मोकळी होईल. पण लकव्यात जी शीर बंद पडते किंवा फुटते ती कवटीच्या आतली रक्तवाहिनी असते. तिथे कुणाचाही अंगठा पोहोचत नाही.

दिंडोरी तालुक्यातल्या एका घरी मी गेलं वर्षभर जातेय. अण्णा द्राक्षबागायतदार, वय पासष्टच्या आसपास. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातच कोसळले. तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा, शब्द फुटेना. घरच्यांनी मायेने जे सुचलं ते सगळं केलं: लसणाचं तेल चोळलं, पांघरूण घातलं, चमच्याने पाणी पाजायचा प्रयत्न केला. नाशिकला आणेपर्यंत दुपार झाली होती. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली, तर एका मिनिटात साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटी स्कॅन झाल्यावर. कारण गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात, आणि रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. म्हणून तोंड वाकडं झालं, एक हात उचलून धरला तर खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी थेट सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. आणि पाणी पाजू नका. गिळण्याचे स्नायूही त्याच वेळी गेलेले असू शकतात, पाणी फुफ्फुसात जातं.

आता मूळ प्रश्न. अण्णांनी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, उचलून काडी कापायची म्हटली तर आत काय घडायला हवं?

कानाच्या वरून डोक्याच्या मध्यापर्यंत हेअरबँड लावावा तशी मेंदूच्या पृष्ठभागावर एक पट्टी असते. हालचालींचे हुकूम इथून सुटतात. कॅनडातले शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या पेशंटच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून बघत, कुठे स्पर्श केला की काय हलतं. त्यांनी १९३७मध्ये त्याचा नकाशाच मांडला. त्या नकाशात शरीर आपल्याला दिसतं तसं नाही. अख्ख्या पाठीला टीचभर जागा, आणि हाताला, त्यातही अंगठ्याला, ओठांना, जिभेला ऐसपैस. जिथे काम नाजूक तिथे जागा जास्त. पायाची जागा मात्र दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, आतल्या बाजूला आहे आणि तिला रक्त पुरवणारी वाहिनी वेगळी आहे. लकव्यात सहसा कानाकडच्या बाजूची वाहिनी बंद होते. म्हणून बऱ्याच घरांत पेशंट काठी धरून चालायला लागतो आणि हात तसाच मागे राहतो. "पाय आला, मग हात का नाही?" या पोटप्रश्नाचं उत्तर हे.

त्या पट्टीतल्या एका चेतापेशीचा एकच लांब तंतू खाली निघतो. मेंदूच्या गाभ्यात हात, पाय, तोंड यांचे सगळे तंतू एका अरुंद जागेतून जातात. आपल्या नाशिकच्या द्वारका चौकासारखं समजा. तिथे एक ट्रक आडवा झाला की मुंबई-आग्रा आणि पुणे, दोन्हीकडची गाडी अडते. या जागी हरभऱ्याएवढी जखमसुद्धा अर्धं अंग पाडते. पुढे कवटी संपून मान सुरू होते तिथे, मस्तिष्कपुच्छाच्या, म्हणजे मेंदूच्या सगळ्यांत खालच्या भागाच्या टोकाला, बहुतेक तंतू बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. अण्णांच्या डाव्या मेंदूतली गुठळी उजव्या हातावर निघाली ती यामुळे. शंभरातले दहा-पंधरा तंतू मात्र बाजू बदलत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

मग तो तंतू मेरुरज्जूत, पाठीच्या कण्यातल्या करंगळीएवढ्या जाडीच्या त्या दोरात, मानेच्या तळापर्यंत उतरतो. तिथे दुसरी पेशी वाट बघत असते. दोघींमध्ये फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी, आणि निरोप त्या फटीतून रसायनाच्या रूपाने जातो. चेतापेशी सुट्या असतात की त्यांचं एकसलग जाळं असतं, यावर स्पेनचे काहाल आणि इटलीचे गोल्जी या दोन शास्त्रज्ञांचं टोकाचं दुमत होतं. १९०६चं नोबेल मात्र दोघांना मिळून दिलं गेलं. सुट्याच असतात, काहाल बरोबर होते. ही दुसरी पेशी आपला तंतू थेट पंजाच्या स्नायूपर्यंत पाठवते. म्हणजे मेंदूतल्या हुकमापासून स्नायूपर्यंत मुख्य वाटेवर पेशी दोनच. अण्णांची पहिली गेली. दुसरी शाबूत, स्नायू शाबूत, हाड शाबूत.

अण्णांच्या मुलाने हे ऐकून लगेच म्हटलं, "म्हणजे वावर चांगलं हाये, पाटच फुटलाय." मला ते आवडलं, अजूनही मी त्या घरी असंच बोलते. फक्त एक दुरुस्ती तेव्हाच केली. पाटातून पाणी वाहतं तसं तंतूतून काही वाहत नाही. तंतूच्या पातळ पडद्यातून सोडियम आत येतं, पोटॅशियम बाहेर जातं, आणि ही उलथापालथ तुकड्या-तुकड्याने पुढे सरकते. जाड, चरबीचं वेष्टण असलेल्या तंतूत सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेगाने, आणि ठसठसत्या दुखण्याच्या बारीक तंतूत जेमतेम मीटरभर. म्हणून "शीर मोकळी करणं" असं काही तिथे नसतं. मोकळं व्हायला आत नळीच नाही.

दिवाळीच्या आधी एक दिवस आला, तो मी विसरणार नाही. मी बॅग उघडत होते. अण्णांनी मोठी जांभई दिली, आणि दीड महिना न हललेला उजवा हात पलंगावरून वीतभर वर उठला, कोपरात वाकला, जांभई संपली तसा खाली आला. काकू, अण्णांच्या पत्नी, ओरडल्याच, "हात उठला! मॅडम, हात उठला ना!" सून धावत आली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी. मग काकू म्हणाल्या, "पुन्हा उचला बरं." अण्णांनी कपाळाला आठ्या पडेपर्यंत जोर केला. बोट हललं नाही.

मला त्यांना खरं सांगावं लागलं. जांभई मेंदूच्या जुन्या, खोलच्या भागातून येते, तिच्यासोबत हात उठतो तो दुसऱ्याच वाटेने. मनात आणून हात उचलायची वाट अजून बंद आहे. काकूंचा चेहरा उतरला. पण मी म्हटलं, काकू, तुम्ही विचारत होतात ना हात धड आहे का, आज तुमच्या डोळ्यांनी बघितलंत. स्नायू तयार आहे, त्याला निरोप हवाय.

बोलण्याचंही तसंच. बोलण्याची जागा बहुतेकांत डाव्या मेंदूत असते. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१मध्ये एका पेशंटच्या मेंदूवरून ती दाखवली. अण्णांना आपण बोललेलं बरंच समजत होतं, पण काकूंचं नाव ओठावर येत नव्हतं. आणि हरिपाठ लागला की ओळीच्या ओळी सुटायच्या. घोकून अंगात मुरलेलं वेगळ्या वाटेने येतं. "नाटक करतात" असं शेजारी कुणी म्हणालं होतं, त्याचं मला फार वाईट वाटलं. नाटक नाही हो.

थंडीत नवी तक्रार: हात आखडला. निफाड-दिंडोरीकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. लुळा हात काही आठवड्यांनी ताठ होतो, मूठ वळते, कोपर पोटाशी येतं. खालच्या पेशीला वरून हुकूमही येत नाही आणि आवरही कुणी घालत नाही. स्नायू ताणला की मेरुरज्जू परस्पर उत्तर देतो, "आखड!" गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तीच प्रतिक्षिप्त क्रिया, फक्त बेलगाम. गारठ्यात हे अनेकांना वाढतं. इथे कोमट तेलाने हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं, त्वचाही चांगली राहते, जरूर करा. जोर लावून मूठ उघडू नका, अजून आवळेल. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी धरलेला असतो, ते ढिले असताना ओढलं की सांधा खाली सरकतो आणि मग दुखणं मागे लागू शकतं.

मेलेली पेशी परत येत नाही. मनगटाजवळ चेतातंतू तुटला तर तो दिवसाला मिलिमीटरभर वाढत पुढे जाऊ शकतो, मेंदूत तसं होत नाही. होतं ते असं, की आजूबाजूची सूज उतरते, शेजारच्या पेशी हळूहळू ते काम अंगावर घेतात, बाजू न बदललेले ते दहा-पंधरा तंतूही उपयोगी पडत असावेत. पण त्यांना काम मिळायला पेशंटने स्वतः प्रयत्न करायला हवा. मी हात वरखाली केला तर सांधा सुटा राहतो. अण्णांनी मनापासून "उचल" म्हटलं आणि हात उचलला गेला नाही, तरी मेंदूत काम झालेलं असतं. दिवसातून शेकडो वेळा. पहिल्या तीन महिन्यांत फरक सगळ्यांत वेगाने पडतो, पुढे हळू, पण थांबलाच असं नसतं.

"किती दिवसांत?" याला मी आता आकडा देत नाही. सुरुवातीच्या काळात पंचवटीत एका काकांना त्यांच्या पत्नीच्या हाताबद्दल मी सहज म्हणून गेले, "तीन महिन्यांत होईल." त्यांनी कालनिर्णयवर रोज एक फुली मारली. तीन महिन्यांनी त्यांच्या पत्नीची बोटं उघडत नव्हती, आणि ते कॅलेंडर भिंतीवर तसंच होतं. तेव्हापासून जे दिसतंय तेवढंच सांगते: खांदा आला, आता कोपर बघू.

एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी सुरू झाली तेव्हा मी अण्णांच्या मुलाला जुनं सिकेटर मागितलं. स्प्रिंग काढून टाकली, दांड्यांना चिंध्या गुंडाळल्या. प्लास्टिकच्या शंकूंपेक्षा चाळीस वर्षं हातात असलेली वस्तू बरी, त्या हाताची मेंदूतली जागा तिनेच तर घडवली. बागेच्या कडेला खुर्ची ठेवली. डाव्या हाताने उजव्याला आधार देत त्यांनी सिकेटर ओलांड्याजवळ, वेलीच्या आडव्या फांदीजवळ नेलं. हात थरथरत होता. मदत म्हणून मी पातं काडीवर टेकवून दिलं.

अण्णांनी मान हलवली. ओठ दोन-तीनदा जुळवले.

"डोळा," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "सोडा."

डोळा म्हणजे काडीवरचा कोंब, आणि मी त्याच्या अगदी लगत पातं धरलं होतं. त्यांनी स्वतः ते बोटभर वर सरकवलं आणि दाबलं. तिसऱ्या दाबाला काडी तुटली.