शेजारच्या खाटेवरचा सल्ला

सोलापुरातील एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडे अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, पंढरपूर या भागांतून रुग्ण येतात. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास आणि बहुतेक त्याच खाटेवर, असा हा नेम वर्षानुवर्षे चालतो. डॉक्टर फेरी मारून जातात, आहारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी भेटतात, मी सुया टोचून, नळ्या जोडून यंत्रांवर लक्ष ठेवत फिरत असते. पण चार तासांतला खरा सहवास मिळतो तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा. त्यामुळे या खोलीत सर्वांत जास्त सल्ले देतात ते रुग्णच, आणि ते सर्वांत जास्त मानले जातात तेही रुग्णांचेच.

या सल्ल्यांविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे. हातातल्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेची, थरथर रोज सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री निजण्यापूर्वी बोटांनी तपासावी, त्या हाताखाली उशीसुद्धा घेऊ नये, त्या हाताचे रक्त कोणाला काढू देऊ नये, हे आम्ही सांगतोच. पण नऊ वर्षे डायलिसिसवर असलेल्या एका विडी कामगार मावशींनी एका नवीन मुलीचा हात धरून ती थरथर तिच्याच बोटांना दाखवली, तेव्हा ते तिच्या कायमचे लक्षात राहिले. पुढे काही महिन्यांनी एका रात्री थरथर लागेना, म्हणून ती मुलगी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात आली आणि गुठळी वेळेत काढता आल्यामुळे तिचा फिस्टुला वाचला. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवावे, फार तहान लागली तर बर्फाचा छोटा खडा चघळावा, अन्नातला फॉस्फरस रक्तात जाऊ न देणारी गोळी जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर न घेता जेवतानाच घ्यावी, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कागदांत रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का ते आधीच पाहावे, अशा कितीतरी गोष्टी आमच्या रुग्णांनी एकमेकांना शिकवल्या आहेत. आजार स्वतः भोगलेल्या माणसाच्या बोलण्याला जे वजन असते, ते आमच्या छापील पत्रकाला येत नाही.

अडचण सुरू होते ती आकड्यांपाशी. महिन्याच्या सुरुवातीला रक्ताचे रिपोर्ट हातात पडले की खाटांवरून कागद फिरू लागतात. कोणाचे क्रिॲटिनिन ६ असते, कोणाचे १२, आणि सहा असलेला बारा असलेल्याला आपण काय खातो ते सांगू लागतो. वास्तविक क्रिॲटिनिन हा मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ स्नायूंतून तयार होतो. बारा आकडा असलेला माणूस धडधाकट, शेतात राबलेला आणि पोटभर जेवणारा असू शकतो, आणि सहा असलेल्याचे स्नायू झिजत चाललेले असू शकतात. डायलिसिसवरच्या रुग्णाचा हा आकडा काही न करता घसरत गेला तर डॉक्टर खूश होत नाहीत, ते त्याच्या जेवणाची चौकशी करतात. शिवाय एकाने यंत्राला जोडण्यापूर्वीचे रक्त दिलेले असते आणि दुसऱ्याच्या हातात चार तासांनंतरच्या रक्ताचा रिपोर्ट असतो. नंतरच्या रिपोर्टातला उतरलेला आकडा यंत्राने उतरवलेला असतो आणि दोन दिवसांत तो पुन्हा चढतो. तो कागद पाहून “तुमचं तर सुधारलंय, आठवड्याला दोनदा आलात तरी चालेल,” असे कोणी प्रेमाने म्हणाले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी आशा उमटते, तिला आवर घालणे फार कठीण जाते.

मला सांगायचे आहे ते एका सोमवारविषयी. सोमवार-बुधवार-शुक्रवार या पाळीच्या रुग्णांना शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत दोन पूर्ण दिवस मोकळे जातात. आठवड्यातला हा सर्वांत लांब खंड सर्वांत धोक्याचाही असतो, कारण त्या काळात पाणी आणि अन्नातून येणारे पोटॅशियम हे खनिज दोन्ही साचत राहतात. म्हणून सोमवारी सकाळच्या पाळीत आम्ही प्रत्येकाकडे जरा अधिक निरखून पाहतो. पंढरपूरकडचे एक शेतकरी काका त्या दिवशी पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून आले. मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि लघवी जवळजवळ थांबली होती. पण एरवी ते स्वतः चालत येत. “पायात अवसानच नाही बघा, पहाटेपासून असंच आहे,” असे ते म्हणाले. वजन नेहमीइतकेच वाढले होते, धाप नव्हती, पायांवर सूजही विशेष नव्हती. नाडी मात्र मिनिटाला ४४ लागली.

मी त्यांना खाटेवर निजवले, डॉक्टरांना बोलावले आणि तोवर ईसीजी काढला. त्यात हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या रेघेतल्या भागांना पी, क्यूआरएस आणि टी अशी नावे असतात; कागदावर टी लहरी उंच आणि टोकदार होत्या, पी जवळजवळ दिसत नव्हती आणि क्यूआरएस रुंदावला होता. रक्तातले पोटॅशियम फार वाढले की हृदयाची वीज बिघडते आणि हृदय थांबूही शकते, हे या खोलीत काम करणाऱ्याला पाठ असते. रक्ताचा नमुना लगेच तपासला, पोटॅशियमचा आकडा आला ७.६. निरोगी माणसात तो साधारण ३.५ ते ५ असतो. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच जास्त दिसू शकते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही. पण येथे आकडा, नाडी आणि ईसीजी तिन्ही एकच सांगत होते.

डॉक्टरांनी प्रथम कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू दिले. त्याने पोटॅशियम उतरत नाही, पण हृदयाला काही काळ संरक्षण मिळते. पाठोपाठ ग्लुकोजबरोबर इन्सुलिन दिले आणि सालब्युटामॉलची वाफ सुरू केली. या दोन्हींनी पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकलले जाते. शरीराबाहेर मात्र ते जात नाही. बाहेर काढायला यंत्रच लागते, म्हणून हे सर्व चालू असतानाच मी सुया टोचल्या आणि डायलिसिस सुरू केले. पडद्यावरची हृदयाची रेघ काही मिनिटांत अरुंद होऊ लागली. तासाभराने नाडी ६८ झाली, आणि काकांनी पाय उचलून दाखवला. त्या वेळी त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या; त्यांना आत बोलावून काकांचा हात हातात द्यावा, इतकेच मला सुचले.

आता प्रश्न होता तो कारणाचा. काकांच्या पत्नी आमच्या विभागातल्या सर्वांत काटेकोर गृहिणींपैकी एक होत्या. आहारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे त्या भाजीची साल काढून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देत, कारण पोटॅशियम पाण्यात उतरते. त्यांची वही आम्ही पाहिली. शनिवारी भाकरी आणि दुधी, रविवारी भात आणि कोबी. शहाळे नाही, केळे नाही, टोमॅटो नाही, शेंगाचटणीही नाही. औषधांत काही बदल नव्हता. डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. महिन्याच्या सुरुवातीला काकांचे पोटॅशियम ५.२ होते, आणि तेव्हा शेजारच्या रुग्णाचे ५.८ पाहून काकांना हायसे वाटले होते, हेही याच चौकशीत कळले.

त्या वेळी पलीकडच्या खाटेवरून विडी कामगार मावशींनी विचारले, “अगं, पण मीठ कुठलं घालतीस?”

“तेच तर बदललंय की,” काकू म्हणाल्या. “शुक्रवारी जाताना बीपीचं मीठ घेतलं. त्यानं सूज येत नाही म्हणाले. चव जरा कमी लागती, म्हणून चिमूटभर जास्त घालते.”

‘बीपीचं मीठ’ म्हणजे कमी सोडियमचे मीठ. त्यात सोडियम क्लोराइडचा, म्हणजे साध्या मिठाचा, काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. पोटॅशियम क्लोराइडच्या वजनात निम्म्याहून थोडे अधिक पोटॅशियमच असते. मिठाचा ३० टक्के भाग असा असेल तर दहा ग्रॅम मिठातून सुमारे दीड ग्रॅम पोटॅशियम पोटात जाते, आणि डायलिसिसवरच्या रुग्णाला दिवसभराच्या सगळ्या खाण्यातून मिळून साधारण दोन ते तीन ग्रॅमचीच मुभा असते. त्या माउलीने दोन दिवस प्रत्येक भाजी उकळून तिचे पोटॅशियम मोरीत ओतले होते आणि नंतर त्याच भाजीत, काळजीपोटी, ते पुन्हा घातले होते. हे तिला समजावून सांगताना डॉक्टरांनी अतिशय जपून शब्द वापरले, तरी ती रडलीच.

हा सल्ला दिला होता आमच्याच पाळीतल्या एका महिला रुग्णाच्या यजमानांनी. ते दर वेळी पत्नीला घेऊन येतात आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसतात. त्यांना स्वतःला उच्च रक्तदाब आहे, मूत्रपिंडे उत्तम आहेत, आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हे मीठ सुचवले होते. त्यांचे स्वयंपाकघर पत्नीपासून वेगळे राखले जात होते, कारण तिला मीठच अगदी थोडे चालते. तो सोमवार त्यांच्यासाठीही फार वाईट गेला. “मी त्यांचं भलं व्हावं म्हणून सांगितलं हो, मॅडम,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. डॉक्टर त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि त्यांनी सांगितले की तुमचे मीठ तुमच्यासाठी योग्यच आहे, ते बंद करू नका. ते खरेही होते. चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये सोडियम कमी करण्यासाठी अशा मिठाचा पर्याय सुचवला. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्या शिफारशीतून स्पष्टपणे वगळले.

आमच्या खोलीत जवळपास प्रत्येकाच्या फायलीवर ‘बीपी’ लिहिलेले असते. बाकावर बसलेल्या नातेवाइकांपैकीही अनेकांना ते असते. त्यामुळे आपण सगळे एकाच वाटेचे आहोत असे प्रत्येकाला वाटते, आणि निरोगी मूत्रपिंड जे पोटॅशियम काही तासांत बाहेर टाकते ते यांच्या शरीरात पुढच्या डायलिसिसपर्यंत जागच्या जागी राहते, हा फरक त्या आपुलकीत दिसेनासा होतो. मला वाटते, हीच या सल्ल्यांची खरी जोखीम आहे. सांगणारा खोटे बोलत नसतो, त्याला गुण आलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्या शब्दावर विश्वास बसतो.

दुसऱ्या दिवशी विभागात चर्चा झाली. रुग्णांनी एकमेकांना औषधोपचाराचे सल्ले देऊ नयेत अशी पाटी लावावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मी त्याला ठाम विरोध केला. पाटी लागली असती तर बोलणे थांबले नसते, ते फक्त आमच्या कानाआड गेले असते. आणि कारण शोधून काढणारा प्रश्न त्या सोमवारी एका रुग्णाच्याच तोंडून आला होता. नऊ वर्षांच्या अनुभवाने त्या मावशींना माहीत होते की वहीत भाजी लिहिली जाते, मीठ कोणी लिहीत नाही. असा प्रश्न विचारणारे माणूस आपण गप्प बसवायचे का, हे मी तेव्हाही विचारले.

डॉक्टरांनी वेगळा मार्ग काढला. आता रिपोर्ट येतात त्या दिवशी ते फेरीनंतर खोलीतच थांबतात आणि ज्यांना चालेल त्यांचे रिपोर्ट सर्वांसमोर बोलून दाखवतात. हे रक्त डायलिसिसपूर्वीचे की नंतरचे, या माणसाला लघवी किती होते, याचे वजन आणि जेवण कसे आहे, हे आधी सांगायचे आणि मगच आकडा, असा त्यांचा क्रम असतो. पहिल्याच बैठकीत क्रिॲटिनिन ६ असलेल्या रुग्णाने, आपण काय खात होतो ते इतरांना सांगण्याऐवजी, आपण किती कमी खात होतो ते डॉक्टरांना सांगितले. त्यांचे अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले एक प्रथिन, तेही उतरलेले होते. अंड्याचा पांढरा भाग वाढवण्याचा सल्ला त्यांना मिळाला आणि तो कसा गिळावासा वाटेल, हे मावशींनी सांगितले: जिरे-मिरपूड घालून, लसणाच्या फोडणीत.

काका बुधवारी आले तेव्हा पोटॅशियम ५.१ होते. काकूंनी साधे मीठ मोजून, चमच्याच्या टोकावर घेऊन वापरायला सुरुवात केली होती. त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक पाळीतल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी विचारले, तेव्हा आणखी दोन घरांत तसले पाकीट निघाले. एका घरी ते पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने वडिलांसाठी पाठवले होते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून वापरावे, असे त्या पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले होते. पण ते इंग्रजीत होते आणि घरात ते वाचणारे कोणी नव्हते. नवीन रुग्ण दाखल होताना आम्ही जी माहिती भरून घेतो, तिच्यात आता मिठाचा रकाना आहे आणि पाकीट सोबत आणून दाखवण्याची सूचनाही आहे.