हळवे तळवे आणि पिलाटिस चेअर: माझा अनुभव

माझे तळवे पहिल्यापासून हळवे. चवड्यांवर जरा जास्त भार आला की बोटांच्या मुळाशी आग होते. त्यामुळे घरी पिलाटिस चेअर आणली, तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती पेडलची होती.

ही चेअर म्हणजे बसण्याजोगी पेटी आणि तिच्यापुढे स्प्रिंगांवर वरखाली होणारं पेडल. पिलाटिस या व्यायामपद्धतीचे जनक जोसेफ पिलाटिस (१८८३–१९६७) यांनी ती बनवली ती व्यायाम झाल्यावर घरात साधी खुर्ची म्हणूनही वापरता यावी अशी. जागा कमी असणाऱ्यांसाठी उत्तमच. पण पेडल अरुंद असतं आणि स्प्रिंगचा सगळा जोर तळव्याच्या तेवढ्याच पट्ट्यावर येतो. ‘होईल हळूहळू सवय’ असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला हा सल्ला पटत नाही. तळवा दुखला की आपण बोटं आवळतो, पोटरी ताठरते आणि मांड्यांचं, पोटाचं काम बाजूलाच राहतं.

फूटवर्क, म्हणजे पेटीवर बसून पायांनी पेडल दाबणं, बहुतेक ठिकाणी चवड्यांपासून सुरू करतात. मी टाचांपासून केलं. टाचेखाली चरबीची जाड गादी असते, ती दाब चांगला सोसते. टाचा पेडलवर, घोटे काटकोनात, बोटं सैल. तळव्याच्या कमानीवर पेडल घेताना बोटं वर ओढली की तिथला पडदा ताणला जातो आणि कड रुतते, म्हणून तिथेही बोटं सैलच ठेवायची. चवडे सगळ्यात शेवटी. पाय कुरकुरत असतील त्या दिवशी नाहीच.

पेडलवर आधी जाड मऊ फोम लावून पाहिला. त्यावर पाय डुगडुगतो आणि तोल सावरायला बोटं पुन्हा आवळली जातात. योगा मॅटचा पातळ, घट्ट तुकडा गुंडाळून वेल्क्रोने आवळला, तो मानवला. सोबत तळाला रबरी ठिपके असलेले मोजे. पाय सटकला तर पेडल स्प्रिंगच्या जोरानं उसळतं, त्यामुळे ते पूर्ण वर आल्याशिवाय पाय काढायचा नाही, हे मी कटाक्षानं पाळते.

खरा फरक पडला तो स्प्रिंगांमुळे. माझ्या चेअरवर स्प्रिंग जितकी वर अडकवावी तितका ताण वाढतो. मी ती खाली आणली. हलक्या स्प्रिंगवर पेडल पायांच्या वजनानंही बरंचसं खाली जातं. मग मेहनत येते ती परतीच्या वाटेवर, पेडल आवाज न करता सावकाश वर येऊ देण्यात. तिथे पोट मनापासून कामाला लागतं आणि तळव्यावर दाब बेताचाच राहतो.

पाय अगदीच नको म्हणतात तेव्हा पेटीवर पालथं पडून हातांनी पेडल दाबत स्वान, म्हणजे छाती वर उचलून पाठ मागे वाकवायचा व्यायाम, करते, किंवा पेटीवर बसून एका हातानं पेडल दाबत बाजूला वाकते. पाठ आणि खांदे छान मोकळे होतात.

सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेत कळ येत असेल, तळवे बधिर होत असतील किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला पाय दाखवा. बधिर तळव्याला पेडलचा दाब कळत नाही आणि कातडी सोलली तरी लक्षात येत नाही.

आता टाचांवरचं फूटवर्क मी निवांत करते. चवड्यांसाठी मात्र स्प्रिंग अजून सगळ्यात खालीच आहे, आणि पेडलवरून पेटीवर चढायचे प्रकार मी सध्या घेतच नाही.