पाऊण तास, एक कंगवा

आज जळगावच्या फुले मार्केटात फक्त कंगव्यासाठी पाऊण तास घालवला. नवऱ्याला सांगितलं तर हसेल, म्हणून इथे सांगते.

कमरेपर्यंत केस, त्यात आपल्याकडचा हा उन्हाळा. रोज डोकं धुवायचं आणि घाईत ओल्या केसांतून बारीक दातांचा कंगवा ओढायचा. ओला केस ताणला जातो, पटकन तुटतो, हे माहीत असूनही! मूठभर केस हातात आले की आई ओरडणार, “माय वं! केस शेतस का सुतळी?”

दुकानातल्या मावशींनी ढीगच पुढे टाकला. स्वस्त प्लास्टिकच्या दातांवरून बोट फिरवलं, तर साच्याच्या जोडाची बारीक धार लागली. तीच केसांना खरवडते. शेवटी लाकडी घेतला, रुंद दातांचा, गोल टोकांचा. मावशी म्हणाल्या, “याले पानीमा नको ठेवजो, तेल लावजो.”

संध्याकाळी केस अर्धवट वाळल्यावर शेंड्यांपासून सुरुवात करून हळूहळू वर गेले. वेळ लागला, हात दुखला (कंगव्याचा दोष नाही, केसच तेवढे). पण फरशीवर मोजून सात केस.

हो, मोजले.