शिंक आली की पाय आवळणाऱ्या सगळ्यांसाठी

आज फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले. बाळंतपणानंतर शिंकलं, खोकलं, खळखळून हसलं की थोडी लघवी होते, हे नवऱ्याशिवाय कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. रोज हेच ऐकतात म्हणे!

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जणू झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय तिच्यावरच टेकलेले. गरोदरपणाचं ओझं आणि प्रसूतीचा ताण यांनी ती सैलावते. सिझेरियन झालं तरी पूर्ण सुटका नाही, ओझं तर वाहिलेलंच असतं.

व्यायाम दिसायला काहीच नाही. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवतोय अशा बेताने स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि पूर्ण सोडायचे. हे सोडणंच मला जमत नव्हतं. एका वेळी 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने. श्वास रोखायचा नाही. लघवी करताना मध्येच अडवून रोजचा सराव तर अजिबात नाही.

आणि शिंक येतेय असं वाटलं की आधीच आवळून घ्यायचं. संध्याकाळी एकदा जमलं, घरात मी एकटीच नाचले.

पाणी कमी प्यायचं नाही. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. बद्धकोष्ठतेकडेही बघायला सांगितलंय. तोवर बाहेर जाताना पॅड लावतेय, बिनधास्त. ‘बाळ झालं की असं व्हायचंच’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायला सध्या झोप पुरत नाही. जळजळ किंवा ताप असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा, तो संसर्ग असू शकतो.