डग्लस फरला गाऱ्हाणं

बाबांनी आयुष्यात जिवंत झाड तोडलं ते फक्त होळीसाठी. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात शिमग्याला होळीचा आंबा ढोल वाजवत खांद्यावरून आणतात. त्यामुळे डिसेंबरात पोर्टलंडला आलेल्या बाबांना ‘उद्या डोंगरावर झाड तोडायला जायचंय’ म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘ढोल कोण आणतंय?’

ढोल नव्हता, परवाना होता. लेक चौथीत आहे आणि अमेरिकेत चौथीतल्या मुलांना सरकारी जंगलातून नाताळचं एक झाड फुकट मिळतं. फुकट म्हणजे वर बुकिंगचे अडीच डॉलर.

खरं तर आमचं ऑरेगन राज्य हे नाताळच्या झाडांचं आगर. अमेरिकेत सर्वांत जास्त झाडं इथल्याच शेतांत पिकतात, दरवर्षी कातरून शंकू केलेली. ग्रुप फोटोसाठी तेल लावून भांग पाडलेल्या पोरांसारखी दिसतात ती मला. लेकीला रानातलंच हवं होतं.

माउंट हूडच्या जंगलात बर्फ घोटाभर होता. बायकोला नोबल फर हवं, कारण त्याच्या फांद्या मजल्या-मजल्यांच्या, टांगायला सोयीच्या. लेकीला मात्र बर्फात डग्लस फरचं बोंड सापडलं. त्याच्या प्रत्येक खवल्याखालून उंदराची शेपटी आणि मागचे दोन पाय बाहेर आल्यासारखे दिसतात. झालं, नोबल बाद. मोठ्या झाडांच्या सावलीत, दाटीत उभं असलेलं एक डग्लस तिनं पसंत केलं. माझ्याहून वीतभर उंच, एका अंगाला जवळजवळ टक्कल. वनखात्यालाही अशी दाटीतलीच न्यावीत असं वाटतं, रान थोडं मोकळं होतं. मोठ्या झाडाचा नुसता शेंडा मात्र छाटायचा नाही, आणि बुंधा सहा इंचांहून उंच ठेवायचा नाही.

मी करवत लावणार तेवढ्यात बाबांनी माकडटोपी काढली, हात जोडले आणि गावी देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

‘बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या रानात इली हत. एक झाड नेतत. काय चुकला-माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा,’ मी आपसूक म्हणालो. बायको सोलापूरची, तिनं अर्धा सेकंद उशिरा म्हटलं. पलीकडे झाड ओढत नेणारं एक कुटुंब थांबलं, त्यातल्या आजोबांनीही टोपी काढली.

दहा मिनिटांत झाड आडवं. लेक बुंध्यावरच्या वर्तुळांवरून बोट फिरवत मोजत होती. सावलीतलं झाड सावकाश वाढतं, वर्तुळं केसाएवढी, दोनदा चुकली.

‘एकवीस,’ ती म्हणाली. ‘आजोबा, हे माझ्याहून मोठं आहे.’

मला या देशात येऊन सतरा वर्षं झाली. मी तिला म्हणालो, माझ्याहूनही जुनं आहे हे इथं. बाबा काही बोलले नाहीत. टोपी घातली आणि बुंध्याकडचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. गाडीपर्यंत आम्हाला हात लावू दिला नाही.

घरी टकलाची बाजू भिंतीकडे केली. पहिल्या दिवशी झाड तीन लिटर पाणी प्यायलं. बाबांच्या हाताची राळ साबणानं जाईना, शेवटी खोबरेल चोळलं. तरी दोन दिवस त्यांच्या चहाच्या कपाला फरचा वास येत होता. लेकीनं झाडाला चिठ्ठी अडकवली आहे: ‘वय २१. अहो-जाहो करा.’