तीन सूत आणि एक रॅम्प

मागच्या जुलैत चर्चच्या ग्रुपबरोबर आठवडाभर वेस्ट व्हर्जिनियाला घरं दुरुस्त करायला जाऊन आले, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय आणि राहूनच जातंय.

निघायच्या आधी मम्मीला नगरला फोन केला, म्हटलं मिशन ट्रिपला चाललेय, तर ती हसायलाच लागली. म्हणे अगं मिशनवाले तिकडून इकडं यायचे, तू उलटीच कुठं निघालीस? तिचंही बरोबरच. आमच्या घरात मिशन म्हणजे मिशन कंपाउंड, मिशनचा दवाखाना. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत उतरले आणि १८३१ ला नगरला आले, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं ते त्याच मिशनच्या मिस फरारबाईंकडं. आणि आता त्याच नगरची मी ओहायोतून अमेरिकेच्याच डोंगरात मिशनला चाललेय, तेही हातोडी घेऊन.

आम्ही गेलो तो मॅकडॉवेल काउंटीचा भाग, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. कोलंबसपासून गाडीनं पाचेक तास. कोळशाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा, १९५० ला, या एका काउंटीत जवळजवळ ९९ हजार माणसं राहायची, २०२० च्या जनगणनेत १९ हजार उरली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे ओढा, ओढ्याला चिकटून रस्ता आणि जी दोन हात सपाट जागा उरेल तिच्यात घर. अशा घळीला तिथं हॉलर म्हणतात. फोनला रेंज नाही, त्यामुळं माझा सोळा वर्षांचा मुलगा पहिले दोन दिवस सुतक असल्यासारखा तोंड करून होता. राहायला एक बंद पडलेली शाळा, वर्गात हवेच्या गाद्या टाकून.

या भागात घरं दुरुस्त करायला जायची पद्धत जुनी आहे. १९६९ ला ग्लेन ‘टेक्स’ इव्हान्स नावाच्या मेथडिस्ट पाळकांनी पन्नासेक मुलंमाणसं गोळा करून केंटकीत चार घरं दुरुस्त केली, त्यातूनच अ‍ॅपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट ही संस्था उभी राहिली. आमचा ग्रुप वेगळा, लहानसा, पण रीत तीच, प्रत्येक घरावर आठवड्याला नवी टोळी, आधीच्या टोळीनं जिथं सोडलं तिथून पुढं सुरू.

आमच्या वाट्याला आलं एक जुनं ट्रेलर, म्हणजे मोबाइल होम, कारखान्यात बनवून ओढून आणून ठेवलेलं घर. आत एक म्हातारं जोडपं. आजोबा खाणीत रूफ बोल्टर होते, म्हणजे खाणीच्या छताला भोकं पाडून लांब बोल्ट ठोकायचे, छत अंगावर येऊ नये म्हणून. आता ब्लॅक लंग, म्हणजे कोळशाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार झालाय, नाकाला ऑक्सिजनची नळी. आजींना स्ट्रोक येऊन गेलेला, व्हीलचेअरवर. नातू आजोबांना पपॉ म्हणायचा म्हणून आम्हीही पपॉच म्हणायला लागलो.

बाथरूमची जमीन पार गेलेली. कमोडच्या बुडाशी मेणाची रिंग असते ती खराब झाली की पाणी थेंब थेंब खाली मुरतं आणि या ट्रेलरांना खाली पार्टिकल बोर्ड, लाकडाचा भुसा दाबून केलेला, तो पाणी प्यायला की पावासारखा फुगतो. आम्ही पहार घातली तर हाताएवढा तुकडा नुसता भुगा होऊन आला. माझ्या डोळ्यासमोर आजोळचं धाब्याचं घर आलं, दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकायची आणि तरी पहिल्या पावसात कुठंतरी पातेलं ठेवावंच लागायचं. फरक एवढाच, तिकडं माती टाकायला भावकी यायची आणि काम झालं की जेवून जायची.

हा जेवणाचा मुद्दा मला तिथं रोज टोचत होता. आमचा नियम होता की आपले डबे आपण न्यायचे, घरच्यांवर भार टाकायचा नाही, पण दुपारी त्यांच्याबरोबर बसून खायचं. म्हणजे आम्ही आमचे सँडविच खातोय आणि ते दोघं यजमान असून नुसते बघतायत! सोमवारी पपॉ फार बोललेच नाहीत. अनोळखी सहा माणसं येऊन तुमचं बाथरूम उखडतात आणि तुम्ही खुर्चीत बसून थँक्यू म्हणायचं, कोणाला आवडेल?

मंगळवारी रॅम्प सुरू केला आणि तिथं गाडी रुळावर आली, ती आमच्या चुकीमुळं. रॅम्पचा हिशेब सोपा असतो, एक इंच चढाला बारा इंच लांबी. दार जमिनीपासून तीस इंच वर, म्हणजे तीस फूट रॅम्प, आणि अंगण एवढुसं, मग मधे चौथरा करून वळवायचा. खड्डे खणताना खडक, काँक्रीटची एकेक पिशवी ८० पौंडांची, आणि एवढं करून चौथा खांब आत सरकलेला. पपॉ खिडकीतून ओरडले, थ्री एट्थ्स! पोरं टेपकडं बघत बसली. मी म्हटलं, अरे तीन सूत! आमचे एक मामा सुतार, त्यांच्या तोंडी कायम ‘दोन इंच तीन सूत’, एका इंचात आठ सूत, लहानपणी पाणसळ आणि गुण्या धरायला मीच असायचे. पपॉंना हे सांगितलं तर त्यांना हसू आवरेना, कारण त्यांना सूत ऐकू आलं सूट, आणि सूट म्हणजे त्यांच्या इंग्रजीत काजळी. म्हणाले, ती तर माझ्या फुप्फुसात भरपूर आहे, इंच मोजायला लागेल तेवढी घेऊन जा.

त्यानंतर ते नळीसकट बाहेर खुर्ची टाकून मुकादम झाले. माझ्या मुलाला स्क्रू कसा सरळ घालायचा ते तीनदा शिकवलं, तिसऱ्यांदा शिवी देऊन (चर्चच्या मुलांसमोर, पण असो). बुधवारी आजींनी नातवाकडून बीन्स शिजवून घेतल्या, बरोबर मक्याचा कॉर्नब्रेड, आणि आम्ही मुकाट्यानं नियम मोडला. दोन वाट्या खाल्ल्या मी. त्या दिवशी पपॉ खाणीबद्दल, मुलाबद्दल, जो कामासाठी नॉर्थ कॅरोलिनाला गेलाय, सगळं बोलले. प्रार्थनाही त्यांनीच केली.

आता खरं सांगायचं तर आमच्या पेट्रोलच्या, फीच्या पैशात तिथलाच एखादा सुतार लावून हे काम निम्म्या वेळात आणि जास्त सरळ झालं असतं. हे मी ग्रुपमधेही बोलले, थोडी शांतता पसरली. मला अजूनही तसंच वाटतं. आणि तरी पुढच्या वर्षीचा फॉर्म भरलाय.

शुक्रवारपर्यंत बाथरूम झालं, रॅम्पच्या फळ्या बसल्या, कठडा राहिला. आजींना खाली आणायचं ठरलं होतं पण कठड्याशिवाय नको असं आमच्या लीडरनं सांगितलं आणि बरोबरच होतं ते. पुढच्या टोळीसाठी मी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलनं लिहून ठेवलं, चौथा खांब ३/८ इंच आत आहे, कठडा लावताना पाचर घाला. पपॉंनी तुकडा हातात घेतला, ३/८ वर काट मारली आणि बाजूला त्यांच्या इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, तीन सूट.